अकरा दिवसांचे गव्हर्नर

सरकार भवनाच्या वरच्या मजल्यावरचं लांब दालन गेली सव्वीस वर्षं माझ्या ताब्यात आहे. ताब्यात म्हणजे किल्ली माझ्याकडे आणि फडकंही माझ्याकडे. त्या दालनात आमच्या राज्याचे सगळे गव्हर्नर ओळीनं भिंतीवर बसलेत. पहिले मिशीवाले, मग दाढीवाले, मग लष्करी पोशाखातले, मग टायवाले. बाहेर लोक म्हणतात अमका चांगला होता, तमका चोर होता. मला विचाराल तर नक्षीदार चौकटीवाले वाईट आणि साध्या चौकटीवाले चांगले, कारण नक्षीतली धूळ मला काढावी लागते.

आमच्याकडे रीत अशी की गव्हर्नर खुर्चीत असेपर्यंत त्याचं चित्र या भिंतीवर लागत नाही. सहा वर्षं संपली की शेवटच्या दिवशी सकाळी कार्यक्रम होतो. पहिल्यापासूनच्या सगळ्यांची नावं क्रमानं वाचतात आणि शेवटच्या नावाला पडदा ओढून नवं चित्र उघडं करतात. दुसऱ्या दिवशी नवा माणूस शपथ घेतो आणि राज्यातले बाक, कठडे, शाळांची दारं त्याच्या पक्षाच्या रंगात रंगवायला सुरुवात होते. माझ्या घरासमोरचा बाक आजवर पाच रंगांचा झालाय. बूड टेकणारी माणसं मात्र तीच.

या भिंतीवर एक माणूस नव्हता. एपिग्मेनियो साबाला. चौसष्टाव्या आणि पासष्टाव्या गव्हर्नरांच्या मधला. तो नव्हता ही गोष्ट सगळ्या राज्यात एकाच व्यक्तीला खुपत होती, ती म्हणजे त्याची मुलगी एर्लिंदा साबाला. आमच्या शाळेतल्या बाई.

झालं होतं असं. १९३३ साली राजधानीहून एक तार आली आणि चौसष्टावे गव्हर्नर त्याच दुपारी पायउतार झाले. मागे कुणीतरी हवं म्हणून विधिमंडळानं हात वर करून मतं दिली आणि साबालांना खुर्चीत बसवलं. ते न्यायालयात कारकुनाचे न्यायाधीश झालेले साधे गृहस्थ. अकरा दिवस बसले. अकरा दिवसांत तीन कागदांवर सह्या केल्या, एक बाजाराच्या नळाचा, एक तुरुंगातल्या घोंगड्यांचा आणि तिसरा कसला ते आता कुणालाच आठवत नाही. बाराव्या दिवशी नवे जनरलसाहेब फौजफाटा घेऊन आले, तेव्हा साबाला पहाटेच्या गाडीनं सरहद्दीपलीकडे निघून गेले होते. ते गेले ते गेलेच. चार वर्षांनी टेक्सासमधल्या कुठल्याशा खानावळीत वारले असं पत्र आलं.

मागे राहिली बायको आणि सहा वर्षांची एर्लिंदा. आणि आमचं गाव म्हणजे काय सांगायचं! नावं ठेवण्यात आमचा हात कुणी धरायचा नाही. त्या घराचं नाव पडलं 'अकरा दिवसवाले'. दुकानात उधार मागितलं की दुकानदार म्हणायचा, "अकरा दिवसांत फेडणार ना?" मुलीला परकर लहान झाला तरी लोक म्हणायचे, अकरा दिवसांतच आखूड झाला.

एर्लिंदा मोठी झाली, शिक्षिका झाली आणि तिनं याचा सूड उगवला. सूड कसला, शिक्षकानं उगवावा तसा. तिसरीच्या वर्गात आम्हाला गव्हर्नरांची यादी तोंडपाठ करावी लागे. बाई पट्टी आपटून ताल धरायच्या आणि आम्ही चाळीस पोरं गळा काढून म्हणायचो. बाकी राज्यातली पोरं चौसष्टाव्यानंतर पासष्टावा म्हणायची. आम्ही मध्ये दम घेऊन म्हणायचो, "एपिग्मेनियो साबाला, अकरा दिवस!" मग पट्टी पुन्हा आपटायची आणि बाई म्हणायच्या, "पुढे!"

इन्स्पेक्टरनं दोनदा ताकीद दिली. एकदा बाईंची डोंगरातल्या शाळेवर बदलीही झाली. तिथेही त्यांनी वर्षभर तेच शिकवलं आणि परत आल्या. मी स्वतः जिल्ह्याच्या पाठांतर स्पर्धेत या नावापायी हरले. बक्षीस सायकल होती. परीक्षक म्हणाले, "मुली, हा कोण?" मी म्हटलं, "बाईंचे बाबा." सगळं सभागृह हसलं. त्या सायकलचं दुःख मला अजून आहे. पण खरं सांगते, ते नाव गाळून म्हणायचं माझ्या मनातही आलं नाही. जीभच वळायची नाही.

बाईंनी दहा गव्हर्नरांना दहा अर्ज केले. मागणी एकच. माझे वडील शपथ घेऊन खुर्चीत बसले होते, त्यांचं चित्र भिंतीवर लावा. दर वेळी उत्तर एकच. तीस दिवसांपेक्षा कमी काळ पदावर असलेल्यांची गणना होत नाही. चित्रही त्यांनी कधीचं काढवून घेतलं होतं. सरकारी चित्रं काढणाऱ्या चित्रकारालाच गाठून, एका जुन्या फोटोवरून. चौकटीचं माप मी दिलं होतं, चोरून. ते चित्र वीस वर्षं त्यांच्या पलंगामागे चादर घालून उभं होतं.

गेल्या सप्टेंबरात गव्हर्नर इंजिनियर लोएरांची सहा वर्षं संपत आली. बाई तेव्हा अठ्ठ्याऐंशीच्या. एक डोळा गेलेला, दुसऱ्याबद्दल डॉक्टरनं सांगितलं होतं, वर्ष, फार तर दीड वर्ष. अकराव्या अर्जाचं उत्तर शिष्टाचार खात्याच्या बारियेन्तोस वकिलांनी माझ्याच हाती दिलं. म्हणाले, "तोमासा, तुमच्या ओळखीच्या आहेत ना त्या? जाता जाता देऊन टाका. तिकीट वाचेल."

मी संध्याकाळी गेले. बाई ओट्याशी सावकाश मक्याची पेज ढवळत होत्या. मी पाकीट दिलं, त्यांनी ते न फोडताच पिठाच्या डब्याखाली सरकवलं.

"वाचत नाही?"

"अगं, तेच असणार. यांना नवीन वाक्य सुचायला मेंदू लागतो." मग पेजेचा पेला माझ्यापुढे ठेवत म्हणाल्या, "नवी बाई येतेय ना गव्हर्नर? डॉक्टर मोन्काडा?"

"हो. तिला करा की अर्ज."

"करीन. पण तिचं उत्तर येईतो मला चित्र दिसायचं नाही, तोमासा. लागलं तरी मला कुणीतरी सांगावं लागेल, बाई, लागलं हं. आणि तू तर खोटंही सांगशील. लहानपणापासून मऊ मनाची तू."

मी पेला तसाच खाली ठेवला. पेज गरम होती म्हणून नव्हे. मी म्हटलं, "उद्या कार्यक्रमाला चला. माझ्या स्टुलावर बसा. निदान भिंत तरी पाहून घ्या."

"गव्हर्नरांच्या कार्यक्रमाला? मी शपथ घातली होती स्वतःला, बाबा लागल्याशिवाय त्या दालनात पाय ठेवायचा नाही."

"मग शपथ मोडा. ती काय सरकारी शपथ आहे?"

बाई हसल्या. "सरकारी असती तर कधीच मोडली असती."

दुसऱ्या दिवशी दालन खचाखच भरलं. आमच्याकडे अशा कार्यक्रमाला सरकारी नोकरांना हजेरी लावून आणतात आणि हातात सँडविच आणि फळाचा रस देतात. नोंदणी खातं, पाणी खातं, टपाल, तिजोरी, सगळी खाती उभी. मी बाईंना मागच्या रांगेत, खांबाला लागून, माझ्या स्टुलावर बसवलं. काळा पोशाख, वेणीत काळी फीत. आजूबाजूचे पन्नाशी-साठीतले कारकून एकेक करून वळायला लागले. पाणी खात्याचा हेडक्लार्क, दीडशे किलोचा गडी, सँडविच पाठीमागे लपवून म्हणाला, "नमस्कार, बाई."

"तोंडात घास असताना बोलू नये, एलादियो."

"हो, बाई."

मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की दालनातली निम्मी माणसं बाईंच्या हाताखालून गेलेली आहेत. मोजलं नव्हतं मी कधी.

पुढे काय चाललं होतं तेही सांगते. नव्या डॉक्टर मोन्काडा पहिल्या रांगेत बसल्या होत्या आणि त्यांना मिठी मारायला रांग लागली होती. आमदार, कंत्राटदार, बिशपांचा माणूस, सगळे. जुने गव्हर्नर इंजिनियर लोएरा आपल्या झाकलेल्या चित्राशेजारी एकटे उभे होते. त्यांच्या हातातली कॉफी थंड झाली होती, आणि तीही मीच आणून दिली होती, कारण वाढपी नव्या बाईंकडे गेला होता. काल ज्याच्यासाठी दार उघडायला चार हात धावायचे त्या माणसाला आज कुणी खुर्ची देईना. उगवत्या सूर्याला नमस्कार, दुसरं काय. मला त्यांच्याबद्दल फारसं प्रेम नव्हतं, त्यांची चौकट नक्षीची होती. तरी वाईट वाटलं.

बारियेन्तोस वकील माईकशी आले आणि यादी वाचू लागले. त्यांचा आवाज म्हणजे दुपारची झोप. पहिला, दुसरा, तिसरा. दहाव्या नावापर्यंत लोक चुळबूळ करत होते. विसाव्यापर्यंत गप्प झाले. तिसाव्याच्या आसपास मला मागून गुणगुण ऐकू आली. कुणीतरी बरोबर म्हणत होतं. मग आणखी कुणी. पाढ्यांचं असतंच तसं, एकानं सुरू केले की दुसऱ्याचे ओठ हलतात. पन्नासाव्याला अर्धं दालन तालात पुटपुटत होतं आणि वकीलसाहेबांना वाटलं, लोकांना आपलं वाचन आवडतंय. त्यांनी आवाज चढवला.

"चौसष्टावे," वकील म्हणाले आणि नाव घेतलं. मग पान उलटायला थांबले.

त्या थांबण्यात दालनातल्या शंभरेक माणसांनी दम घेतला आणि एका आवाजात म्हटलं, "एपिग्मेनियो साबाला, अकरा दिवस!"

आणि खांबाजवळून, पट्टीशिवाय, अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या गळ्यातून आवाज आला, "पुढे!"

वकीलसाहेब घाबरून खरंच पुढे वाचायला लागले. "पासष्टावे..." मग थांबले. पाणी खात्याचा एलादियो तोंडावर हात धरून उभा होता, वर्गात कागदाचा बाण चुकून बाईंना लागावा तसा. मीही म्हटलं होतं, लपवत नाही. कुणी ठरवलेलं नव्हतं. ठरवून आमच्या खात्यांकडून साधा पंखा दुरुस्त होत नाही.

"हे कोण?" लोएरांनी विचारलं. "मी हे नाव ऐकलेलं नाही."

"अशी व्यक्ती नाही, साहेब," वकील म्हणाले. "म्हणजे आहे, पण गणनेत नाही. तीस दिवसांचा नियम आहे. तो अर्ज मी तुमच्या वतीनं निकालात काढलाय."

"माझ्या वतीनं? मी कधी वाचला?"

"तुम्हाला त्रास नको म्हणून..."

बाई उभ्या राहिल्या. मी हात धरायला गेले तर झटकला. "इंजिनियरसाहेब, मी त्यांची मुलगी. माझ्या वडिलांनी अकरा दिवस राज्य केलं. चांगलं केलं असं मी म्हणत नाही. केलं, एवढंच म्हणते."

लोएरांनी कप खिडकीत ठेवला. "बाई, निवडणुकीचा निकाल लागल्यापासून माझा फोन कुणी उचलत नाही. गेल्या आठवड्यात माझा ड्रायव्हर नव्या गव्हर्नरांच्या भावाला आणायला गेला आणि मी पायी घरी गेलो. तरी मी रोज सकाळी येऊन बसलो, कारण कुणीतरी बसायला हवं होतं. ते दिवस धरायचे की नाहीत, वकीलसाहेब?"

"धरायचेच, साहेब."

"मग यांचेही धरा. चित्र लावा."

"पण साहेब, मधल्या जागी लावायचं तर पुढची सगळी एकेक घर सरकवावी लागतील. तुमची जागा भिंतीवरची शेवटची आहे. तुम्ही कोपऱ्यापलीकडे जाल." वकिलांनी आवाज खाली आणला. "संडासाच्या दाराशेजारी."

दालनात कुणी हसू नये म्हणून प्रत्येकजण आपापल्या बुटांकडे बघत होता.

"तिथे निदान माणसं येत तरी राहतील," लोएरा म्हणाले.

वकिलांनी हळूच डॉक्टर मोन्काडांकडे पाहिलं. उद्याच्या मालकाची मर्जी बघायला. त्या बाईंनी दोन्ही हात वर केले. "माझ्याकडे काय बघता? मी उद्यापासून. आज गव्हर्नर आहेत ना इथे?"

लोएरांनी मान वळवली आणि कशी कोण जाणे, माझ्याकडेच पाहिलं. "माझा हुकूम आज कुणी पाळेल का?"

"मी आहे, साहेब," मी म्हटलं. "आणि सुतारही आहे."

टाळ्या झाल्या. त्या दिवशी त्यांच्यासाठी पहिल्याच. पडदा ओढला, त्यांचं चित्र उघडं झालं आणि तासाभरात मी ते खाली उतरवलं.

सतरा चौकटी सरकवल्या. सुतार चेमा शिडीवर आणि मी खाली. चौकटी लहानमोठ्या, म्हणून भिंतीला सतरा नवी भोकं, सतरा जुनी बुजवायची, पितळी आकडे उपटून पुन्हा ठोकायचे. चेमा दर खिळ्याला शिवी देत होता. "अकरा दिवसांचा माणूस, आणि माझी कंबर महिन्याची गेली!" पण लेव्हल धरून धरून असं सरळ लावलं त्यानं, की सगळ्या भिंतीत तेवढाच एक भाग सरळ आहे. बाईंच्या पलंगामागचं चित्र एलादियो आणि पाणी खात्याच्या तिघांनी टँकरच्या गाडीतून आणलं, चादरीसकट.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं शहर नव्या गव्हर्नरच्या शपथेला गेलं होतं. बँड वाजत होता तो इथपर्यंत ऐकू येत होता. मी बाईंना घेऊन वर गेले. त्यांनी पायऱ्या चढताना तीनदा थांबून दम खाल्ला आणि तीनदा मला सांगितलं की जिना आधीच्या दिवसापेक्षा उंच झालाय.

चित्रासमोर खुर्ची ठेवली होती. बाई बसल्या. चांगला डोळा चित्राकडे करून, मान जराशी तिरकी करून, बघत राहिल्या. एपिग्मेनियो साबाला त्या चित्रात फारसे रुबाबदार नाहीत. कान मोठे, कॉलर सैल, आणि फोटोवाल्यानं हलू नका म्हटल्यावर माणूस दिसतो तसा चेहरा. पण चौसष्टावे आणि आता सहासष्टावे झालेले जनरल यांच्या मध्ये ते बसले होते, बाकीच्यांइतकेच. मी पितळी पाटी पुसायच्या निमित्तानं बाजूला झाले. मला वाटलं बाई रडतील. मीच रडत होते, कशाला खोटं बोलू. इतकं बरं वाटत होतं.

"दिसतंय ना, बाई?"

"दिसतंय." मग त्यांनी हातातली काठी जमिनीवर एकदा आपटली.

"दोन गल्ल्या, बाबा," त्या म्हणाल्या. "दोन गल्ल्यांवर होतं घर. अकरा दिवसांत एकदा जेवायला येता आलं नाही? आई रोज ताट वाढून ठेवायची. मी खिडकीत बसायची. आणि बाराव्या दिवशी गाडीत बसलात ते दुसऱ्याच्या तोंडून कळलं आम्हाला. चार वर्षांत पत्र एक, तेही खानावळवालीचं. भित्रा माणूस!"

मी फडकं हातात धरून तशीच उभी. चाळीस पोरांच्या तीस वर्गांना बाईंनी या माणसाचं नाव शिकवलं, आणि त्याच्याविरुद्ध एक शब्द मी कधी त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता.

बाईंना माझं तोंड दिसलं असावं. "बघतेस काय? चिडायची सोयच नव्हती गं आजवर. सगळं गाव यांच्यावर हसत होतं. त्यात मीही रागावले असते तर यांच्या बाजूनं उरलं कोण असतं? ऐंशी वर्षं वकिली केली यांची." त्यांनी पदरासारखी शाल सावरली. चेहरा असा काही मोकळा झाला होता, वर्ग सुटल्यावर व्हायचा तसा. "आता भिंत आहे. आता मला हवं ते बोलता येईल. तू जा बाहेर. अजून बरंच आहे."

मी बाहेर आले, दार ओढून घेतलं आणि त्यावर पाटी अडकवली, साफसफाई चालू आहे.